ओवाळणीतला कंप्युटर

आधीच सांगून ठेवते, मपल्या तोंडाला कुणी लागत न्हाई. पुसेगावात कुणालाबी विचारा, चतुराबाई कशी हाय म्हणून. सांगतील, मनानं चांगली हाय, पण जिभेला हाड न्हाई. मनाचं मला म्हाईत न्हाई, जिभेचं मात्र खरं हाय. आमचे मालक व्यंकटराव मुलखाचे अबोल. लग्नाला बत्तीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत ते जेवढं बोलले तेवढं मी एका सकाळी बोलते. म्हणून घरातलं बोलायचं सगळं काम मपल्याच अंगावर पडलेलं.

तीन वर्षांमागं शिवकन्या सून होऊन आली तव्हा कुठं मला जोड भेटली. पोरगी एकाला दोन ऐकवणारी. सकाळी भाकरी थापताना आमचं सुरू व्हायचं ते रातच्याला भांडी उपडी घालूस्तोवर चालायचं. कधी भाजीतल्या मिठावरून, कधी टीव्हीच्या आवाजावरून, कधी कशावरूनच न्हाई. शेजारची शकुंतलाबाई एकदा म्हणली, "चतुराबाई, तुमच्यात रोज भांडण काहून होतंय?" मी म्हणलं, "भांडण कुठं? आमी बोलून राहिलो."

तर ही पोरगी घर सोडून पुण्याला जायला निघालती. त्याचं असं झालं.

हरीश मपला एकुलता. सोयाबीन हाय, तूर हाय, दोन एकर हळद हाय, पण नवरा-बायको दोघंबी शिकलेले, त्यांना वाटायचं आणखी काहीतरी करावं. हरीशचा दोस्त सोमेश्वर पुण्यात कंपनीत हाय. तो दर आठ दिवसाला फोन करायचा, "या रे दोघंबी, रूम पाहून ठेवलीय." हरीशचं मन तळ्यात-मळ्यात. शिवकन्यानं मात्र सरळ सांगितलं, "मला घरबसल्या काम भेटलं तर आपण इथंच राहू. न्हाई भेटलं तर दिवाळी करून जाऊ." मी तोंडानं म्हणलं, जा की, मला काय! पण मनात म्हणलं, पोरं गेल्यावर घरात कोण? मी अन् मालक. म्हणजे मी एकलीच.

अन् देवाची करणी, काम भेटलं. पुण्याच्या एका प्रकाशकाकडं कुण्या म्हाताऱ्या वैद्याच्या हातानं लिहिलेल्या वह्या होत्या, चांगल्या पेटीभर. ते पानांचे फोटो धाडणार, हिनं ते मराठीत टाईप करायचे. आधी दीडशे पानं नमुना म्हणून. शनिवारी दुपारी बाराच्या आत धाडा, पसंत पडलं तर दोन वर्षांचं काम पक्कं. पोरीनं गणपती बसायच्या आधीच एकशे दहा पानं हातावेगळी केली. मी म्हणलं, आता काय, म्हैस विकली अन् दोर राहिला.

कंप्युटर होता तिच्या भावाचा. मागच्या भाऊबीजेला ती माहेरी रिसोडला गेली. भाऊ देविदास तिथं शाळेत क्लार्क हाय. त्यानं एकेक सामान जमवून सोताच्या हातानं कंप्युटर जोडला अन् बहिणीला ओवाळणीत दिला. अख्खा कंप्युटर ताटात मावंना, म्हणून त्यातला माऊस ताटात ठेवला म्हणे. शिवकन्या तो माऊस हातात घेऊन रडली. गावात महिनाभर त्याचंच बोलणं, ओवाळणी असावी तर अशी.

कंप्युटर घरात आला तसा मी त्याच्यापुढं दिवा लावला. आमच्यात दिवा लावल्याबिगर कोणत्या कामाला हात लावायचा न्हाई, ही मपल्या सासूपासूनची रीत. पेरणीला तिफण बाहेर काढायची तरी आधी दिवा, हळद शिजवायची कढई चुलवाणावर चढवायची तरी आधी दिवा. पण मी टेबलावर निरांजन ठेवलं तशी शिवकन्या किंचाळली, "आत्याबाई, वायरी जळतील!" त्यावर आमचं दोन दिवस चाललं. मंग शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत मला एक विजेचा दिवा दिसला. वीतभर समई, वर पिवळी ज्योत, खाली वायर. ती वायर कंप्युटरच्या डब्याला मागून खोचायची, कंप्युटर सुरू झाला की दिवा आपोआप लागतो. तवापासून सगळं बराबर चाललं होतं. तिचं काम बी व्हायचं, मपली रीत बी राहायची.

गणपतीतल्या महालक्ष्म्यांचे तीन दिवस कंप्युटरवर धुतलेलं लुगडं टाकून ठेवलं होतं. महालक्ष्म्या जेवून गेल्या, अन् सोमवारी सकाळी शिवकन्या कामाला बसली. बटण दाबलं. आतला पंखा घूं झाला, पडद्यावर इंग्रजी नाव आलं, अन् पाच मोजूस्तोवर थप्प! सगळं काळं. तिनं परत दाबलं. घूं, नाव, थप्प. धा बारा वेळा केलं तरी त्येच.

"लाईन कमी हाय," मी म्हणलं.

"लाईन बराबर हाय, आत्याबाई. पंखा पाहा की कसा फिरून राहिला."

मी तरी वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्डात टेस्टर खुपसून पाहिलं अन् लाईन चांगली हाय म्हणाला. मी त्याला म्हणलं, तुला काय कळतंय. हरीशनं मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, डबा उघडला, आतली एक पट्टी काढून शाळेतल्या खोडरबरानं घासली. कंप्युटरची पट्टी खोडरबरानं घासायची! मी म्हणलं, आता पाटीवर थुंकून पुसायचंच राहिलं. पण तसंच करतात म्हणे. पट्टी चकचकीत झाली, परत बसवली, बटण दाबलं. घूं, नाव, थप्प.

मंगळवारी हरीश डबा घेऊन हिंगोलीला गेला. तिथं एसटी डेपोच्या मागं मोहनसिंगचं दुकान हाय, सगळ्या जिल्ह्याचे कंप्युटर तिथं जातात. फक्त डबा न्यायचा असतो, टीव्हीवाणी दिसतो तो घरीच ठेवला. डबा उचलायच्या आधी मी दिवा काढून घेतला. देवाची वस्तू जीपमधी लोकांच्या पायाशी न्यायची व्हय? फडक्यात गुंडाळून देवघरात ठेवला.

मोहनसिंगनं तिथं डबा जोडला तर एका दमात सुरू! दोन घंटे चालला. हरीश खुशीत घरी आला. शिवकन्यानं वायरी जोडल्या, मी दिवा खोचला, हात जोडले, म्हणलं दाब आता. घूं, नाव, थप्प.

बुधवारी शिवकन्या सोता गेली. मी परत दिवा काढून ठेवला. दुकानात कंप्युटर परत सुरळीत. तिनं तिथंच स्टुलावर बसून टाईप करायला घेतलं, पण दुकानात गिऱ्हाइकांची ये-जा, एकाचा प्रिंटर, दुसऱ्याचा मोबाईल, ज्याला त्याला तिचंच टेबल पाहिजे. दिवसभरात नऊ पानं झाली. सांजच्याला मोहनसिंग म्हणला, "ताई, घेऊन जा, काही खराबी न्हाई." घरी आणला, वायरी जोडल्या, दिवा खोचला, हात जोडले. थप्प.

हरीशनं फोन लावला तर मोहनसिंग तिकडून वैतागला, "अरे भाई, मेरे यहाँ तो मक्खन चल रहा था!"

आता तुमीच सांगा, हिंगोलीत चालतो अन् पुसेगावात चालत न्हाई, असा कुठं कंप्युटर असतोय? लेकराला ताप भरावा, डॉक्टरकडं न्यावं तर ते खेळायला लागावं, तसली गत. दिवस जाऊन राहिले होते. शनिवार तोंडावर आला. राहिलेली पानं एकतीस, अन् केलेली सगळी त्या डब्यात. शिवकन्या डोक्याला हात लावून बसली. मला तिच्याकडं पाहवंना. अन् मला पाहवंना झालं की मपलं डोकं फिरतंय, तो मपला स्वभावच हाय.

"त्या मोहनसिंगचं काही चुकत न्हाई," मी म्हणलं. "मुळातच माल खोटा. तुझ्या भावानं शाळेतला मोडका डबा रंगवून दिला असंल. भंगारात घालायचं ते बहिणीच्या ओवाळणीत घातलं!"

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. शिवकन्या भाकरी थापून राहिलती. तिचे हात थांबले. मी कंबर कसून तयार, आता ही एकाला चार ऐकवंन, मंग मी आठ ऐकवंन, मंग दोघी जेवू. पण ती बोललीच न्हाई. हातातली भाकरी तव्यावर टाकली, फिरवली, टोपल्यात ठेवली.

"बरं, आत्याबाई," एवढंच म्हणली अन् आत गेली.

त्या 'बरं'नं मपली झोप उडाली. पुढच्या दिवशी मी मुद्दाम आमटीत मीठ जास्त टाकलं. गपचिप जेवली. टीव्ही मोठा लावला. उठून दुसऱ्या खोलीत गेली. काही विचारलं तर व्हय, न्हाई, बरं. एक मालक घरात होतेच, आता दोन झाले.

शुक्रवारी सकाळी मोहनसिंग सोता मोटारसायकलवर घरी आला. म्हणला, "मावशी, मपल्या दुकानाची इज्जत हाय. घरी काय होतं ते मपल्या डोळ्यानं पाहतो." मी रुसून चुलीपाशी बसलेले. बाहेर गेलेच न्हाई. म्हणलं, करा काय करायचं ते, मपलं कोण ऐकतंय. तिथूनच कान लावला. घूं झालं. मी पाच मोजले, धा मोजले, वीस मोजले. थप्प काही होईना. हरीश वरडला, "चालू झाला! चालू झाला!"

मोहनसिंगनं घंटाभर पाहिलं. कंप्युटर आपला चालूच. शेवटी त्यानं सांगितलं, वायरी सैल होत्या नायतर अर्थिंगचा लोचा असंल. शिवकन्या त्याच्यासाठी चहा घेऊन ओसरीवर गेली, हरीशबी गेला. मी खोलीत डोकावले. कंप्युटर चालू अन् दिव्याचा पत्ता न्हाई! मोहनसिंगनं आधी सगळ्या वायरी उपसल्या, त्यात तोबी निघाला अन् हरीशनं देवघरात नेऊन ठेवला असणार. सोताशीच म्हणलं, बघा, मी एक दिवस रुसले तर घरातली रीत मोडली. देवघरातून दिवा आणला, डब्याच्या मागं वाकले, बारीक भोकात वायर खोचली अन् हात जोडायला सरळ झाले.

थप्प!

मी तशीच उभी. हात जोडलेले तसेच. मंग हळूच वायर उपसली, बटण दाबलं. घूं, नाव, अन् बाई, कंप्युटर चालू झाला. परत वायर खोचली. थप्प. उपसली, चालू. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते असं. अन् कळसा मपल्याच काखेत!

तव्हा आठवलं. महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी मी देवाची सगळी भांडी काढली. ताम्हण, घंटा, निरांजन, समया, सगळी चिंचेनं घासली, राखेनं घासली, खळखळून धुतली. अन् त्यांच्यातच हा दिवा घासला. तोबी देवाचाच की! मंग उन्हात वाळवला, कोरड्या फडक्यानं पुसला अन् होता तिथं खोचून ठेवला. पाच सेकंदात कंप्युटरच बंद पडायचा, तर दिवा लागत न्हाई हे कुणाच्या ध्यानात येणार? अन् डबा हिंगोलीला निघाला की मीच आधी दिवा काढायचे, परत आला की मीच आधी खोचायचे. दुकानात काहून चालतो अन् घरी काहून चालत न्हाई, त्याचं उत्तर मी दोन दिवस फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं.

ओसरीवर त्यांचं हसणं-बोलणं चालू होतं. मला कुणी पाहिलं न्हाई. आता खरं सांगते, त्या वक्ताला मला जे सुचलं ते चांगल्या बाईला सुचायचं न्हाई. मी दिवा पदराखाली घेतला, सैंपाकघरात गेले अन् तुरीच्या डाळीच्या डब्यात खोल खुपसला. बाहेर आले तर मोहनसिंग म्हणत होता, "अर्थिंग पाहून घ्या, मावशी." मी गंभीर तोंड करून म्हणलं, "व्हय, अर्थिंगच असणार."

सांगणार होते मी. पण आधी पोरीचं काम होऊ दे म्हणलं, मंग सांगू. शिवकन्यानं दिवसभर मान वर केली न्हाई, शनिवारी सकाळी परत बसली अन् बाराला वीस मिनिटं कमी असताना दीडशे पानं पुण्याला गेली. मंग म्हणलं, उत्तर येऊ दे, तव्हा सांगू. गुरुवारी प्रकाशकाचा फोन आला, काम पसंत हाय, दोन वर्षांचं पक्कं. हरीशनं पेढे आणले. मी शकुंतलाबाईच्या घरी सोता नेऊन दिले अन् म्हणलं, "सून न्हाई, हिरा हाय! आता कुठं जात न्हाई ती." अन् सांगायचं राहूनच गेलं. म्हणजे मीच राहू दिलं.

संध्याकाळी घरात आले तर शिवकन्यानं माळ्यावरची मोठी बॅग खाली काढलेली. अंथरुणावर साड्यांच्या घड्या.

"हे काय, पोरी? आता तर काम भेटलं."

"व्हय, आत्याबाई. पण हे काम कुठूनबी होतंय. पुण्यातूनबी होतंय."

आवाज कसा, थंडगार पाण्यावाणी. ना राग, ना रुसवा. मी हरीशला गोठ्याकडं गाठलं. म्हणलं, अरे, हे काय? काम भेटलं तर राहायचं असं ठरलं होतं ना?

हरीश मपल्यावर कधी आवाज चढवत न्हाई. त्या दिवशी त्यानं वैरणीची पेंढी खाली टाकली. "आई, तुला खरंच कळंना का? कामाचं न्हाई हे. तू तिच्या भावाला भंगार म्हणलीस. त्यानं पगारातून चार महिने थोडं थोडं बाजूला ठेवून ते जोडलं होतं. तिनं त्याला फोन केलाय. ऐतवारी तो येऊन कंप्युटर घेऊन जाणार. ती म्हणती, भंगार या घरात नको. सोमेश्वर पुण्यात जुना लॅपटॉप पाहून राहिला."

मी म्हणलं, "मंग तू सांग की तिला, आईचं बोलणं मनावर घ्यायचं नसतंय."

"दुसरं काही बोलली असती तर मीबी सांगितलं असतं," हरीश म्हणला, अन् पेंढी उचलून आत गेला.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी तीनदा तुरीच्या डाळीचा डबा उघडला अन् तीनदा झाकण लावलं. पन्नाशी उलटून गेलेली बाई मी. आयुष्यात कुणाला चुकले म्हणलेलं न्हाई, सासूला न्हाई, मालकाला न्हाई, अन् सुनंच्या भावाला म्हणू? जीभ सगळीकडं चालती, पण त्या एका शब्दापाशी आली की बैलावाणी बसती.

ऐतवारी अकराच्या सुमाराला देविदास आला. दोस्ताची जीप घेऊन आलता. एरवी हसत येणारं पोरगं, त्या दिवशी दारातच घुटमळलं. आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसला. चहा दिला तर कपाला हात लावला न्हाई. मालक समोर बसले होते, हरीश भिंतीला टेकून उभा, शिवकन्या दारात.

"मावशी," तो खाली मान घालून म्हणला, "मपलं चुकलं असंल. मी काही शिकून जोडला न्हाई, पाहून पाहून जोडला. नीट पारखून द्यायला पाहिजे होता. तुमाला लई तकलीफ झाली."

अहो, माराचं काही वाटत न्हाई, पण असं वाकून बोललेलं सहन होत न्हाई. त्याच्या जागी मपला हरीश असता, अन् त्याला कुणी असं वाकवलं असतं, तर मी त्या घरावरून नांगर फिरवला असता. मी उठले. तरातरा सैंपाकघरात गेले, डाळीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला अन् दिवा उपसून बाहेर आले. वायरीला डाळ चिकटलेली, ती ओसरीभर सांडली.

"देविदास, ऊठ. मपल्यासंगं ये. तुमीबी या सगळे."

सगळे खोलीत आले. मी कंप्युटर सुरू करायला लावला. नाव आलं, चित्र आलं, सगळं नीट. "पाहा," मी म्हणलं, अन् वाकून दिवा खोचला. थप्प! काढला, सुरू करायला लावला, परत खोचला. थप्प! तिसऱ्यांदा खोचायला गेले तर देविदासनं मपला हात धरला, "मावशी, बस्स, आता जळंल!"

त्यानं दिवा हातात घेतला, बुडाचं झाकण नखानं उचकटलं. आत हिरवं-काळं झालेलं, अन् त्यातून चिंचेचा वाळका चोथा त्याच्या तळहातावर पडला. त्यानं तो बोटानं चिवडला, वास घेतला.

"ह्याला... धुतलं होतं का तुमी?"

"नुसतं धुतलं न्हाई, घासलं! देवाचं भांडं हाय, घासायचं न्हाई व्हय?" सवयीनं मपला आवाज चढला. तो मी तिथंच खाली घेतला. "घासलं मी, खोचलं मी, अन् खापर फोडलं तुझ्यावर. गेल्या शुक्रवारीच मला कळलं होतं, तरी लपवून ठेवलं. तुझ्या कंप्युटरला काही झालेलं न्हाई, बाबा. तुझी ओवाळणी सोन्यावाणी हाय. भंगार असंल तर ती मपली जीभ हाय. चुकले मी. तुझंबी चुकले, हिचंबी चुकले."

झालं. म्हणून झालं. जमीन काही फाटली न्हाई.

तेवढ्यात मागून मालकांचा आवाज आला. आमच्या घरात त्यांचा आवाज आला की सगळे वळून पाहतात.

"मी पाहिलतं हिला," ते म्हणले. "हौदापाशी दिवा घासताना."

मी कपाळावर हात मारला. "अहो, मंग बोलले काहून न्हाई?"

"तू कव्हा बोलू देतीस?"

पहिल्यांदा हरीश फुटला. मंग देविदास. दिवा हातात धरून खो-खो हसत खालीच बसला, डोळ्यातून पाणी. मी मात्र शिवकन्याकडं पाहून राहिले. ती हसली न्हाई. तिचं तोंड लाल झालं, अन् मला वाटलं, गेली पोरगी, आता रडून निघून जाणार.

"आत्याबाई!" ती अशी वरडली की शकुंतलाबाई तिच्या अंगणातून वाकून पाहायला लागली. "चिंचेनं? विजेच्या दिव्याला चिंच लावली तुमी? त्या हिंगोलीच्या जीपमधी मांडीवर डबा घेऊन मपले पाय सुन्न झाले! त्या स्टुलावर नऊ पानं टाईप केली मी, नऊ, मागं लोकं उभे! त्या बिचाऱ्या वायरमनला काय काय बोललात! अन् आठ दिवस डाळीत लपवून ठेवलं? काल त्याच डब्यातली डाळ खाल्ली आपण!"

"वरची घेतली होती," मी म्हणलं.

"वरची! वरची म्हणती!"

ती तणतणत तिच्या खोलीत गेली. मी मागं मागं गेले. तिनं अंथरुणावरची बॅग पुढ्यात ओढली, चेन फर्रकन उघडली अन् आतली एक साडी काढून फेकली. "मपल्या भावाला भंगार म्हणलात!" दुसरी काढली. "त्याला रिसोडहून इथं मान खाली घालून यायला लावलं!" तिसरी. "अन् मी धा दिवस तोंडाला कुलूप लावून बसले, जीव चाललता मपला बोलल्याबिगर, तुमाला काही हाय का त्याचं?"

"मपलाबी चाललता," मी म्हणलं.

"मधी बोलू नका!"

मी गप बसले. एकेक साडी खाली पडून राहिलती, मी एकेक उचलून घडी घालून कपाटात ठेवून राहिले. ओसरीवर देविदासनं थंड झालेला चहा पिऊन टाकला अन् हरीशला दुसरा मागितला, तो आवाज ऐकू आला. शिवकन्यानं औंढ्याच्या जत्रेपासूनचं काढलं, मंग मागच्या वर्षीच्या लोणच्याचं काढलं, मंग लग्नातल्या मानपानाचं काढलं. बॅग रिकामी झाली तरी ती थांबली न्हाई, अन् मीबी तिला थांब म्हणलं न्हाई.